सारजाबाईंची टेप

१

रेकॉर्डरमध्ये बत्तिसावी मुलाखत नव्हती. एकतीस होती, आणि त्यानंतर एकदम तेहेतीस.

"मागे जाऊन बघ," मृण्मयी म्हणाली.

हिमांशूने बटण मागे दाबलं, पुढे दाबलं. चिमुकल्या पडद्यावर आकडे सरकले. "नाहीये. कुणीतरी पुसलीये."

'कुणीतरी' म्हटल्यावर तिघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं आणि माझ्याकडे बघितलं.

आईचं तेरावं नुकतंच झालं होतं. सिडकोतल्या आमच्या घरातली सतरंजी अजून कुणी उचलली नव्हती. तिच्यावर आईचे तीन इंटर्न बसले होते. तिघंही पीएच.डी. करणारे, आईच्या छोट्या संशोधन केंद्रात इंटर्नशिपसाठी आलेले. नवं यंत्र माणसांत आलं की घराघरांत काय बदलतं, हा आईचा आयुष्यभराचा विषय. या वर्षी तो टँकरच्या ॲपवर येऊन ठेपला होता. सलग दुसरा दुष्काळ. टँकर वस्तीवर आला की तिथल्या एका नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो ड्रायव्हरला सांगितला की पाणी पोचल्याची नोंद होते. म्हणजे मोबाईल ज्याच्या हातात, पाणी त्याच्या हातात. मोबाईल नसलेल्या बायकांचं काय होतं, ते आईला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

त्या मुलाखती मी उतरवून काढायची. मी सावनी. पुण्यात एका प्रकाशकाकडे मुद्रितशोधन करते, आणि संध्याकाळी कानाला हेडफोन लावून आईच्या टेपा टाईप करते. रेकॉर्डर डिजिटल होता, तरी आई 'टेप'च म्हणायची. एकतीस टेपा मी शब्दन् शब्द ऐकल्या होत्या. बत्तिसावीबद्दल आईने मरणाच्या आदल्या संध्याकाळी फोन केला होता.

"सारजाबाईंची टेप मोठी आहे. सावकाश ऐक."

"बरं. तब्येत?"

"उत्तम. ठेवते, पाणी आलं."

सकाळी शेजारच्या आवडाबाईंनी तिला दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला कल्पना होतीच ना?" मी मान हलवली. कसली कल्पना, हे विचारायचं सुचलं नाही. तिच्या वस्तूंची पिशवी घेतली आणि बाहेर आले. तिच्यात चष्म्याचं घर होतं, पत्र्याचं, स्प्रिंगच्या झाकणाचं. ते तेव्हापासून माझ्या हातातच होतं. उघडायचं, मिटायचं.

मी रडले नव्हते. लोक आले, जेवले, गेले. मला कशाचीच इच्छा होत नव्हती. फक्त ती टेप ऐकायची होती.

"तेहेतिसावी लाव," मी म्हणाले.

हिमांशूने लावली. तिच्यात कुणी बोलत नव्हतं. मोटारीची घरघर, हौदात पडणारं पाणी. मग टक् असा एक आवाज. मग बंद.

कोपऱ्यात बसलेल्या विश्वजितने पहिल्यांदा तोंड उघडलं. "ही मोटार तर इथलीच हाय. आन् ती फाटकाची कडी वाजली बघा."

म्हणजे टेप पुसली गेली ती याच घरात. आणि तेव्हा फाटकातून कुणीतरी आत आलं होतं, किंवा बाहेर गेलं होतं.

२

"कधीची आहे ते तारखेवरून कळेल ना?" मी विचारलं.

"मॅडमनी तारीख कधी लावलीच नाही," मृण्मयी म्हणाली. "सगळ्या टेपांवर एकच तारीख. जानेवारी, दोन हजार दहा."

"पण पुसण्याआधीची आहे हे नक्की," हिमांशू म्हणाला. "लाल बटण आणि पुसायचं बटण शेजारी-शेजारी आहेत. पुसायला गेलं की आधी चुकून रेकॉर्डिंग सुरू होतं. मीपण दोनदा केलंय असं."

"केलंयस का?" मृण्मयी गोड आवाजात म्हणाली.

मी पाण्याचा विचार करत होते. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्याने येतं, कधी त्याहूनही उशिरा. आईच्या फोनच्या शेवटी पाणी आलं होतं. त्यानंतर मोठी लाईन फुटली आणि आमच्या भागात थेंब आला नाही. तेराव्यालासुद्धा टँकर मागवला, तेव्हा मोटार लावावी लागली नव्हती. आणि सारजाबाईंची मुलाखत तर त्याच दिवशी दुपारी झाली होती. तेव्हा मोटारीचा हा आवाज त्या एकाच संध्याकाळचा असू शकत होता. आईने माझा फोन ठेवला, त्यानंतरचा.

हे मी बोलून दाखवलं. मग विचारलं, "त्या संध्याकाळी इथे कोण आलं होतं?"

मृण्मयी ग्रंथालयात होती. विश्वजितने आईला दुपारी मोटारसायकलवरून शेंद्र्याच्या पुढच्या वस्तीवरून आणून फाटकाशी सोडलं आणि तो लगेच गेला. हिमांशू म्हणाला, "मी तर त्या आठवड्यात मॅडमना भेटलोच नाही."

आतून साळूबाई चहा घेऊन आल्या. त्या आमच्याकडे वीस वर्षं काम करतात. त्यांनी ट्रे ठेवला, हिमांशूकडे बघितलं, आणि मान वाकडी केली.

"आता गं बया. त्या दिवशी पाण्याचा ड्रम कुणी सरकवला व्हता मग? तुझ्या भुतानं?"

३

मृण्मयी उठून उभी राहिली. "मी केंद्रात आत्ता मेल करते. ॲपवाली कंपनी याला नोकरी देतेय, ताई. अख्ख्या केंद्राला माहीत आहे. सारजाबाईंच्या वस्तीवर टँकर न येताच ओटीपी दिला जातो, अशी कुजबुज होती. त्यासाठीच मॅडम तिथे गेल्या होत्या. ती टेप गेली की कंपनीचं काम झालं. याची इंटर्नशिप आजच संपली!"

"संध्याकाळपर्यंत थांब," मी म्हणाले. "इथे बस. ओरडू नकोस."

ती बसली. मी ओरडले असते तर ती बसली नसती.

हिमांशूने चहाचा कप खाली ठेवला. "आलो होतो. कसम से ताई, टेपला हात नाही लावला. नोकरी घेतोय हे सांगायला आलो होतो. फाटक उघडंच होतं, पाईप बाहेर आवडाबाईंकडे गेलेला. मॅडम ड्रम भरत होत्या. मी म्हटलं, मॅडम, मी कंपनीत चाललोय. त्या म्हणाल्या, 'आधी तो ड्रम सरकव, पाणी जाईल.' मी सरकवला. मग म्हणाल्या, 'जा. आत राहून बघ, ते पण बघायला कुणीतरी हवं.' मी निघालो तेव्हा पाणी चालूच होतं." तो थांबला. "सकाळी त्या गेल्या. मला वाटलं, माझ्या बोलण्यानेच... म्हणून सांगितलं नाही."

त्याला धीर द्यायला हवा होता. माझ्याकडे तो नव्हता. मी चष्म्याचं घर उघडलं, मिटलं.

"आणि तू?" मी विश्वजितला विचारलं. "तुला ही टेप गेल्याचं वाईट वाटलेलं दिसत नाही."

तो सोयगावकडचा, शेतकरी घरातला. शब्द मोजून वापरायचा. "खरं सांगू का ताई? गेली ते बरंच झालं. मोबाईल सारजाबाईच्या पुतण्याकडं हाय. काकासाहेब त्याचं नाव. ती काय बोलली ते भाईर आलं तर कंपनी काय करल ते करल, पर पुतण्या तिच्या दारात हंडा भरू देनार नाय. आपन अहवाल लिहून मोकळे. ती तिथंच ऱ्हानार."

"म्हणून पुसलीस?"

"नाय. पुसायचा हक्क तिचा हाय. माझा न्हवं."

मृण्मयीने मान डोलावली. "मॅडमचे दोनच नियम होते, ताई. पहिला, आधी आपण सांगायचं, मग विचारायचं. जो प्रश्न बाईला विचारणार, त्याचं स्वतःचं उत्तर आधी टेपवर द्यायचं. दुसरा, ज्याचा आवाज त्याचा हक्क. टेप कागदावर उतरेपर्यंत बाईने पुस म्हटलं की पुसायची. कारण विचारायचं नाही."

पहिला नियम मला ठाऊक होता. प्रत्येक टेपेच्या सुरुवातीला आईचा आवाज असे. लग्नानंतरचं तिचं पहिलं घर, तिची सासू, तिने पहिल्यांदा बँकेत एकटीने पैसे काढले तो दिवस. मला तिने न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी मी टाईप केल्या होत्या.

"त्या दिवशी प्रश्न काय होता?" मी विचारलं.

"घरात कुणापासून काय लपवावं लागतं," मृण्मयी म्हणाली.

हिमांशू हळूच म्हणाला, "ताई, पुसलेली फाईल लगेच जात नाही. नाव जातं, आवाज तिथेच असतो. माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे, काढून देतो. फक्त यावर नवीन काही रेकॉर्ड करू नका. नवा आवाज जुन्याच्या जागेवर जाऊन बसतो."

"चोरच माल शोधून देणार," मृण्मयी पुटपुटली.

मी मात्र हिमांशूकडे बघत राहिले. म्हणजे आईचा आवाज अजून त्या यंत्रात होता.

४

तिघांना मी संध्याकाळी परत बोलावलं. हिमांशू लॅपटॉप आणायला गेला.

दुपारी घरात कुणी नव्हतं. बाहेर बोअरच्या गाडीचा आवाज चालू होता. समोर नवी इमारत होते आहे, सात मजली, आणि तिच्यासाठी तिसऱ्यांदा जमीन फोडत होते. धूळ खिडकीच्या गजांवर बसली होती. मी ती पुसली नाही.

मी आठवत राहिले. चोर स्वतःहून माल परत द्यायला निघत नाही. हिमांशू खरं बोलत असावा. विश्वजितला भीती होती, पण ज्याला दुसऱ्याचा हक्क इतका नेमका कळतो तो तोच हक्क चोरील असं वाटत नव्हतं. मृण्मयीचा तर प्रबंधच या मुलाखतींवर उभा होता.

आणि फाटक. हिमांशू म्हणाला होता, फाटक उघडंच होतं. ते खरंच असणार. पाण्याच्या दिवशी आमचं फाटक लागतच नाही, कारण आवडाबाईंकडे मोटार नाही आणि आमचा पाईप फाटकातून त्यांच्या ड्रममध्ये जातो. पाणी थांबेपर्यंत कडी लावायचा प्रश्नच नाही. मग टेपेत वाजलं ते काय?

मी तेहेतिसावी टेप पुन्हा लावली. मोटार. पाणी. मांडीवर आईच्या चष्म्याचं घर होतं आणि हात आपला चाळा करत होता.

टक् असा आवाज आला.

तो दोनदा आला. एकदा रेकॉर्डरमधून, आणि एकदा माझ्या हातातून.

५

संध्याकाळी तिघं आले तेव्हा मी त्यांना काही न सांगता टेप ऐकवली. मग चष्म्याचं घर उघडलं.

मृण्मयीने तोंडावर हात ठेवला.

"आईला लांबचं दिसायचं," मी म्हणाले. "जवळचं नाही. रेकॉर्डरवरची अक्षरं चष्म्याशिवाय तिला लागत नसत. तिने अंदाजाने बटण दाबलं, ते लाल निघालं. रेकॉर्डिंग सुरू झालं. मग तिने हे घर उघडून चष्मा लावला, बटणं नीट बघितली, रेकॉर्डिंग थांबवलं आणि बत्तिसावी पुसली. तुमच्यापैकी कुणाला त्यासाठी चष्म्याचं घर उघडावं लागलं नसतं."

"पण का?" हिमांशू म्हणाला. "सगळ्यात मोठी मुलाखत होती ती."

"तुम्ही तिघं सकाळपासून एकच विचार करताय, की ती टेप जगाने ऐकू नये असं कुणाला वाटत होतं. तसं बऱ्याच जणांना वाटत असेल. पण जगाने ऐकायच्या आधी ती एक माणूस ऐकणार होतं. प्रत्येक टेप आधी मी ऐकते. प्रश्न होता, घरात कुणापासून काय लपवता. आणि नियमाप्रमाणे पहिलं उत्तर आईचं होतं."

मी चष्म्याचं घर मिटलं.

"ज्याचा आवाज त्याचा हक्क," मी म्हणाले. "तुम्ही तो नियम फक्त बायकांसाठी धरून चाललात. विचारणारीचाही आवाज टेपेवर असतो, हे तुमच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही. मी एकतीस वेळा तो ऐकलाय."

डॉक्टरांचा प्रश्न मला आता नीट ऐकू येत होता. तुम्हाला कल्पना होतीच ना. त्या संध्याकाळी मी विचारलं होतं, तब्येत? ती म्हणाली होती, उत्तम. मग फोन ठेवला, ड्रम भरले, एका मुलाला नोकरीला जा म्हणून सांगितलं, आणि चष्मा लावला.

मृण्मयी हिमांशूला म्हणाली, "सॉरी." तो म्हणाला, "चलता है." मग ती माझ्याकडे वळली. तिची बुद्धी गप्प बसणारी नव्हती. "पण ताई, एक जमत नाही. त्याच टेपेवर सारजाबाईंचंही बोलणं होतं. त्यांना न विचारता मॅडम दुसऱ्या बाईचा आवाज पुसतील? शक्यच नाही."

"फोनवर विचारलं असेल," हिमांशू म्हणाला.

विश्वजितने मान हलवली. "तिच्याकडं कुठला फोन? फोन काकासाहेबाकडं. म्हनून तर हा सगळा अभ्यास."

हे मला सुटलं नव्हतं. हिमांशूने लॅपटॉप उघडला आणि हात पुढे केला. "ताई, द्या. अर्ध्या तासात सगळंच कळेल."

मी रेकॉर्डर त्याच्या हातात ठेवला. मग परत घेतला.

"उद्या," मी म्हणाले. "आधी वस्तीवर जाऊन येते."

६

शेंद्र्याच्या कारखान्यांच्या भिंती संपल्या की रस्ता एकदम अरुंद होतो. सकाळची वेळ होती तरी विश्वजितच्या मोटारसायकलची सीट तापली होती. वस्तीवर पंधरा-वीस घरं. प्रत्येक दारासमोर निळे ड्रम, आणि त्यांच्या झाकणांवर दगड.

सारजाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. साठीच्या पुढच्या, अंगाने काटक. विश्वजितने ओळख करून द्यायच्या आधीच म्हणाल्या, "लेक ना? नाक तेच हाय. टँकरवाल्यानं सांगितलं मला, बाई गेल्या म्हनून. बसा. पानी पिता का? घाबरू नका, हाय पानी."

मी बसले. विश्वजित मुलाखतीच्या वेळच्या सवयीने लांब लिंबाखाली जाऊन थांबला.

"आईने तुमची टेप पुसली," मी म्हणाले. "तुम्हाला विचारलं होतं का?"

"इचारलं की. हितंच. बोलनं झाल्यावर गप बसल्या जरा. मग म्हन्ल्या, सारजाबाई, हे माझी लेक ऐकनार. मी म्हन्लं, मग पुसा की, त्यात काय! त्या म्हन्ल्या, तुमचं बी जाईल. मी म्हन्लं, जाऊ द्या. मी पुन्यांदा सांगीन. माझं तोंड कुठं जातंय?" त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग हसू थांबलं. "तर म्हन्ल्या, नको, ऐकू दे तिला एकदाचं. मला तोंडानं सांगायला जमत नाय. आन् आसं म्हनून ती आवाजाची पेटी पिशवीत ठिवली. घरी गेल्यावर मन बदललं आसंल."

मला सगळं कळलं होतं. आता एकच विचारायचं उरलं होतं.

"ती काय म्हणाली, ते मला सांगाल?"

सारजाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "पुसलेलं कसं सांगू?"

"मी तिची मुलगी आहे."

"व्हय. म्हनून तर पुसलं." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं, मला माहीत नाही. आरशात बघायचं मी सोडलं होतं. "आसं करू. तुमच्या आईची रीत हाय न्हवं? इचारायचं आसंल तर आधी आपलं सांगायचं. तुम्ही काय लपवता ते सांगा. मग मी बगते, मला काय आठवतंय. आन् माझं ते ओटीपीचं बी लावून घ्या पेटीत. काकासाहेब ऐकंल तर ऐकंल. म्हातारीचं पानी तोडून बगावं त्यानं, सगळी वस्ती हाय बगायला."

विश्वजितने ते ऐकलं असावं. तो दोन पावलं पुढे आला. "ताई, पेटीवर नका घेऊ. हिमांशू काय म्हन्ला ते ध्यानात हाय ना? माझा मोबाईल घ्या. त्याच्यावर करा."

त्याने मोबाईल पुढे धरला. मी मांडीवरच्या रेकॉर्डरकडे बघितलं. त्याच्या आत कुठेतरी आई अजून बोलत होती. अर्ध्या तासाचं काम. मग मी तिला हवं तितक्या वेळा ऐकू शकले असते, थांबवून, मागे नेऊन, शब्द तपासून, जसं मी आधीच्या एकतीस टेपांचं करत आले होते. ती एकदाही नको म्हणू शकली नसती.

पण ती नको म्हणाली होती. चष्मा लावून, बटण नीट बघून म्हणाली होती.

"राहू दे, विश्वजित," मी म्हणाले.

तो परत लिंबाखाली गेला.

मी लाल बटण दाबलं. दिवा लागला. चौतीस.

"माझं नाव सावनी," मी म्हणाले. आवाज माझाच होता की नाही कळेना. "आई गेल्यापासून मी सगळ्यांना सांगते आहे की मी ठीक आहे."

पुढचं वाक्य येईना. सारजाबाईंनी रेकॉर्डर उचलून माझ्या तोंडाजवळ आणला आणि धरून ठेवला.

"जरा मोठ्यानं, बाई," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुमची आई बी अशीच हळू बोलत व्हती."